‘रीत दाखवा’ म्हणता, तर मुलांचीही रीत बघा : गणिताची नवी पुस्तकं करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सदस्य, गणित विषय समिती, बालभारती, पुणे
तसेच राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेतली गणिताचं काम बघणारी मंडळी

सप्रेम नमस्कार.

पहिलीचा नवा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून लागू झाला. बाकीच्या इयत्तांचा टप्प्याटप्प्यानं येतो आहे. पुस्तक एकदा छापून आलं की त्यावर कितीही बोललं तरी पुढची काही वर्षं तेच चालतं, म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे. मी भांडुपला, टेकडीच्या अंगानं चढत गेलेल्या वस्तीजवळच्या एका अनुदानित मराठी शाळेत पाचवी ते आठवीला गणित शिकवते. बंद पाकिटातून पाठवलं असतं तर पत्र आवक नोंदवहीत जाऊन झोपलं असतं, म्हणून उघड.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते आधीच सांगून टाकते. गणित मुलांच्या जगण्याशी जोडायचं, असं प्रत्येक आराखड्यात लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात उदाहरणातली माणसं बदलतात, वस्तू बदलतात, फार तर चित्रातले कपडे बदलतात. रीत तीच राहते. मूल घरातून, बाजारातून, रस्त्यावरून हिशेबाची जी रीत घेऊन शाळेत येतं, तिला वहीत आणि उत्तरपत्रिकेत मान मिळत नाही. तो मिळेपर्यंत बाकी सगळी रंगरंगोटी.

रंगरंगोटी हा शब्द रागानं वापरलेला नाही. आनंददायी शिक्षण आलं तेव्हा गाणी आली. मूल स्वतःच ज्ञान रचत जातं असं म्हणणारा ज्ञानरचनावाद आला तेव्हा वर्गांच्या फरशा रंगल्या. संख्यांच्या चौकटी, सापशिडी, भौमितिक आकार. त्यातलं काही छानही होतं. गणित पेटी आली, ती कुठे वापरात राहिली, कुठे मणी हरवतील म्हणून कपाटात कुलूपबंद. आता ‘स्थानिक संदर्भ’ आणि ‘संस्कृती’ हे शब्द आले आहेत, आणि मला भीती ही की मोदकांचे समान वाटे, मंडपाभोवती लावायची तोरणं आणि मुखपृष्ठावर भास्कराचार्य एवढ्यात त्यांचं काम उरकलं जाईल. उदाहरणातल्या रमेशच्या जागी रेहाना आली, याचं मला खरंच बरं वाटतं. पण रेहानालाही सव्वीस कलिंगडं घ्यायला लावलीत, तर वर्ग जसा रमेशला हसत होता तसाच तिलाही हसतो.

आता रीत म्हणजे काय म्हणते ते सांगते. सहावीतला एक मुलगा संध्याकाळी स्टेशनच्या रस्त्यावर वडिलांच्या भाजीच्या गाडीवर उभा असतो. गिऱ्हाइकानं दोनशे पासष्टची भाजी घेतली आणि पाचशेची नोट दिली. हा आधी पस्तीस रुपये हातात ठेवतो, ‘हे तीनशे झाले’ म्हणतो, मग शंभराच्या दोन नोटा, ‘हे पाचशे’. चुकत नाही. त्याच मुलाच्या वहीत ५०० − २६५ उभं मांडलेलं आहे आणि खाली उत्तर आहे ३६५. पाचातून शून्य पाच, सहातून शून्य सहा, पाचातून दोन तीन. हातचा घ्यायचा असतो हे त्याला ऐकून माहीत आहे, पण ज्या शून्याकडे काही नाहीच त्याच्याकडून हातचा कसा घ्यायचा, तिथे तो अडकतो आणि मोठ्यातून लहान वजा करून मोकळा होतो.

गाडीवर त्यानं जे केलं ते अंदाजपंचे नव्हतं. वजाबाकी म्हणजे दोन संख्यांमधलं अंतर, हे त्यानं ओळखलं. त्या अंतराचे सोयीचे तुकडे पाडले, पहिला तुकडा जवळच्या शेकड्यापर्यंत नेला, आणि हातच्याची भानगडच ठेवली नाही. संख्यारेषेवर हेच आपण चार चित्रं काढून शिकवतो. पण परीक्षेत त्यानं ‘२६५ ला ३५ मिळवले ३००, ३०० ला २०० मिळवले ५००, म्हणून २३५’ असं लिहिलं तर? एका शाळेतल्या घटक चाचणीचा पेपर माझ्या पाहण्यात आहे. उत्तर बरोबर, तीनपैकी एक गुण, आणि लाल शाईत ‘रीत?’. रीत तर समोरच होती. तपासणाऱ्या बाईंना उभी मांडणी हवी होती, कारण उत्तरसूचीत उभी मांडणी होती. त्यांना तरी काय बोलायचं, सूचीबाहेर गुण दिले तर वरून विचारणा होते.

ही काही आमच्या भांडुपची नवलाई नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. टेरेझिन्हा नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिऱ्हाईक बनून मुलांना हिशेब विचारले, आणि नंतर तेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत घातले. रस्त्यावर ९८ टक्के उत्तरं बरोबर, कागदावर ३७ टक्के. एका बारा वर्षांच्या मुलाला पस्तीसचा एक असे दहा नारळ किती, असं विचारलं. तीन नारळांचे १०५ हे त्याला पाठ, म्हणून त्यानं तिनातिनानं पुढे जात ३१५ गाठले आणि उरलेल्या एकाचे पस्तीस टाकून ३५० सांगितले. दहानं गुणताना पुढे शून्य द्यायचं, ही शाळेची युक्ती त्याला सुचलीही नाही.

आपल्याकडे, हाकेच्या अंतरावर, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी मुंबईच्या एका मोठ्या कष्टकरी वस्तीतल्या महापालिका शाळांमधल्या मुलांबरोबर हेच काम केलेलं आहे. शिलाई, जरीकाम, चामड्याचं काम अशा घरगुती धंद्यांत हातभार लावणारी मुलं मोजमाप, भाग, दर, नफा यांचा विचार कसा करतात, हे त्यांनी बसून पाहिलं. तुमच्या बैठकांना त्यांना बोलावता की नाही मला ठाऊक नाही. पुणे ते मानखुर्द अंतर काही फार नाही.

पण इथेच एक धोक्याचा कंदीलही आहे. ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात २०२५ साली अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि इतरांचा अभ्यास आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं अवघड हिशेब तोंडी करतात, आणि तीच मुलं शाळेच्या पद्धतीची साधी उदाहरणं कागदावर सोडवताना अडखळतात. उलट, बाजारात काम न करणारी शाळकरी मुलं कागदावर बरी, पण बाजारातल्या व्यवहाराचा हिशेब आला की तीही गडबडतात. म्हणजे पूल आपोआप बांधला जात नाही, ना इकडून तिकडे ना तिकडून इकडे. वर्गात भाजीची तीन चित्रं चिकटवून तो बांधला जाणार नाही. मुलाला त्याची रीत मोठ्यानं सांगायला लावायची, ती फळ्यावर चिन्हांत लिहायची, शेजारी हातच्याची रीत मांडायची आणि दोन्हींत नेमकं काय सारखं आहे हे वर्गानं शोधायचं. याला तासच्या तास लागतो. घटक संपवायच्या वेळापत्रकात तो तास कुठे आहे, हे पुस्तक करणाऱ्यांनी ठरवलेलं असतं.

अपूर्णांकांकडे येते, कारण सगळ्यात जास्त मुलं तिथे गळतात. माझ्या वर्गातल्या मुलीला ‘१२० रुपये किलोची भेंडी, पाऊण किलो किती?’ असं विचारलं तर ती पापणी न हलवता नव्वद म्हणते. पाव किलोचे तीस, अर्ध्याचे साठ, साठ नि तीस नव्वद. तिलाच फळ्यावर ‘१२० × ३/४’ दिलं की ती बोटांशी चाळा करत बसते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही सगळी मंडळी तिच्या तोंडात लहानपणापासून आहेत. सव्वापाचची कर्जत लोकल, दीड पाव मिरच्या, अडीचशे रुपयांची साडी. मग पुस्तकात अपूर्णांक येतो तो थेट वर्तुळाचे भाग रंगवा म्हणून, आणि वर्षभर तो त्या रंगवलेल्या पोळीच्या बाहेर पडत नाही.

आमच्या आज्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे येत होते. दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा. १९५७ साली नवे पैसे आले, पाठोपाठ वजनं-मापं मेट्रिक झाली, आणि हे पाढे शाळेतून हळूहळू नाहीसे झाले. ते छडी घेऊन पुन्हा पाठ करून घ्या असं मी अजिबात म्हणत नाही. घोकंपट्टीला संस्कृती म्हणून मागच्या दारानं आत आणणारे लोक आहेत, त्यांच्या रांगेत मला बसवू नका. मी म्हणते, पाऊणकी मुलांनाच तयार करायला लावा. तीन पाऊण सव्वादोन का, हे त्यांनी काड्यांनी, नोटांनी, भाकरीच्या तुकड्यांनी दाखवू दे. मग शेजारी ३ × ३/४ = ९/४ = २ १/४ लिहा. अपूर्णांकांचा गुणाकार म्हणून जी गोष्ट आपण सहावीत नियम देऊन उरकतो, ती अशी त्यांच्याच बोलीतून उभी राहते. मी हे करते, पुस्तकाबाहेर, चोरून केल्यासारखं. ते पुस्तकात आलं तर चोरी तरी वाटणार नाही.

आठवीच्या वर्गात गेल्या वर्षी एका तासाला रिक्षाचं टॅरिफ कार्ड घेतलं. माझ्या वर्गात रिक्षावाल्यांची मुलं पाचसात तरी असतातच. मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेलं भाडं असं : पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे, आणि मध्यरात्री बारा ते पहाटे पाच सव्वापट. हे मी फळ्यावर लिहिलं आणि गप्प बसले. पहिला प्रश्न मागच्या बाकावरून आला : हे चौदा पैसे कुठून आले, चौदा पैसे कुणी देतं का? मग कुणीतरी १७.१४ ला दीडनं गुणलं. आले २५.७१. म्हणजे ते सव्वीस आभाळातून पडलेले नाहीत, दीड किलोमीटरचंच भाडं पूर्ण रुपयात आणलेलं आहे. मुलं एकदम सरसावून बसली. टॅक्सीचं बघू म्हणाली. टॅक्सीला किलोमीटरला २०.६६, दीड किलोमीटरचे ३०.९९, आणि किमान भाडं ३१. जमलं!

मग मी तीन किलोमीटरचं भाडं काढायला सांगितलं. अर्ध्या वर्गानं १७.१४ ला सरळ तीननं गुणलं, ५१.४२. अर्ध्यांनी सव्वीस धरले आणि पुढच्या दीड किलोमीटरचे २५.७१ मिळवले, ५१.७१. पूर्ण रुपयात आणलं तर एका गटाचे एक्कावन्न, दुसऱ्याचे बावन्न. आता भांडा! पूर्ण रुपयात आधी आणायचं की शेवटी, आधी आणलं तर चूक पुढे कशी वाहत जाते, आणि मुळात हे समप्रमाण आहे की नाही, असं सगळं त्या एका रुपयापायी निघालं. एका मुलीनं तर विचारलं की अर्धाच किलोमीटर जाऊन उतरलं तरी सव्वीस का, मग सुरुवातीला आलेख आडवा का नाही काढायचा. हा प्रश्न मला पुस्तकातून आणता आला नसता. दहावीत दोन चलांतली रेषीय समीकरणं येतात, तिथे माझ्या ओळखीचे शिक्षक अजून ‘पाच वर्षांपूर्वी वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या तिप्पट होतं’ यावरच मुलांना झुंजवत असतात. वडिलांचं वय असं कोडं घालून कुणी सांगत नाही. रिक्षाचं भाडं मात्र रोज द्यावं लागतं.

तुम्ही म्हणाल, राज्याचं पुस्तक एक, गडचिरोलीच्या मुलाला मुंबईच्या टॅरिफ कार्डाचं काय? अगदी बरोबर. माझी हीच मागणी आहे की मुंबईचं कार्ड पुस्तकात छापू नका. मुंबई-पुण्याची उदाहरणं सगळ्या महाराष्ट्राच्या गळ्यात बांधायची खोड आधीच पुष्कळ आहे. पुस्तकात सांगाडा द्या : ‘तुमच्या भागातल्या एखाद्या वाहनाचं, गिरणीचं, मजुरीचं दरपत्रक मिळवा, किमान रक्कम किती, पुढचा दर किती, आलेख काढा.’ दळणाची गिरणी सगळीकडे आहे. आकडे शाळेनं भरावेत. यासाठी प्रकरणाच्या शेवटी मोकळं पान लागेल. (कोरी पानं म्हटल्यावर तुम्ही दचकाल, मध्यंतरी पुस्तकांत ती घालूनही झाली आणि काढूनही झाली. पण ती वहीची होती. ही प्रश्न असलेली पानं असतील.)

रांगोळीबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. रांगोळी म्हटलं की पुस्तकात सममिती येते, अक्ष काढा, अर्धं चित्र पूर्ण करा, झालं. आमच्या मुली रांगोळी सांगतात ती ठिपक्यांत : ‘सात ते चार’. मधल्या ओळीत सात ठिपके, वर-खाली एकेक कमी होत चारापर्यंत. एकूण ठिपके किती? सातवीच्या मुलांनी खडूनं व्हरांड्यात काढून मोजले. कुणी ओळीनं बेरीज केली, ४ + ५ + ६ + ७ + ६ + ५ + ४, सदतीस. एक मुलगी मधल्या ठिपक्यापासून निघाली. मधला एक, त्याभोवती सहा, त्याभोवती बारा, त्याभोवती अठरा. पुन्हा सदतीस. ‘नऊ ते पाच’ काढायची झाली तर तिला नवी रांगोळी घालायची गरज नव्हती, आणखी एक फेरा चोवीसचा, एकसष्ट. आणि तिनं ते न काढताच सांगितलं. ज्या क्षणी तिनं न काढता सांगितलं त्या क्षणी ती बीजगणित करत होती, भले अजून अक्षर आलेलं नव्हतं.

त्यापुढची मजा मी त्यांना दाखवली. नुसता एक ठिपका, मग ‘तीन ते दोन’चे सात, ‘पाच ते तीन’चे एकोणीस, ‘सात ते चार’चे सदतीस. यांची बेरीज करत जा. १, ८, २७, ६४. घन! रांगोळीत घन कुठून आले, यावर वर्ग दोन दिवस भांडत होता. एका मुलानं दुकानासमोर रचलेल्या खोक्यांचा ढीग आठवून सांगितलं की कोपऱ्यातून बघितलं तर घनाच्या तीन बाजू दिसतात आणि बाहेरची कड षटकोनाची असते. त्यानं सिद्धता दिली असं मी म्हणणार नाही, पण पुष्कळ जवळ गेला होता. यातली एकही गोष्ट अभ्यासक्रमाबाहेरची नाही; श्रेढी, वर्ग-घन, बैजिक राशी सगळं पुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत सुटं पडलेलं आहे.

आणि हो, रांगोळी सगळ्यांची नसते. त्याच वर्गातल्या एका तमिळ घरातल्या मुलीनं सांगितलं की तिची आजी ठिपके जोडत नाही, ठिपक्यांना वळसे घालत जाते, आणि हात न उचलता जिथून निघाली तिथे परत येते. कोलम. दुसरा एक मुलगा म्हणाला, आमच्यात हे काढतच नाहीत. त्याला मी मशिदीच्या जाळीतले षटकोन आठवायला लावणार होते, तेवढ्यात त्यानंच मामाच्या लादीकामाचा विषय काढला : षटकोनी लाद्या भिंतीशी आल्या की कापाव्या लागतात, किती वाया जातात याचा हिशेब मामा आधी करतो. माझ्या नियोजनापेक्षा ते शंभरपट बरं होतं. मुंबई महापालिकेच्या शाळा आठ माध्यमांतून चालतात. मराठी माध्यमाच्या वर्गातसुद्धा घरी भोजपुरी, गोरमाटी, तेलुगू, मालवणी बोलणारी मुलं मांडीला मांडी लावून बसलेली असतात. ‘संस्कृती’ एकवचनी धरून पुस्तक केलंत, तर कुणीतरी हमखास व्हरांड्यात राहील.

याच कारणासाठी एक गोष्ट ठासून सांगायची आहे. मासळीवालीच्या मुलीला मासळीचं गणित आणि रिक्षावाल्याच्या मुलाला रिक्षाचं, असा अर्थ कुणी काढला तर मी हे पत्र मागे घेईन. बापजाद्यांच्या धंद्याला मुलांना बांधून ठेवायचं काम आपल्या समाजानं पिढ्यान् पिढ्या केलेलं आहे, त्यात गणिताच्या पुस्तकानं हातभार लावायला नको. गाडीवर उभं राहणाऱ्या पोराचं कौतुक करताना, तो त्या वेळी खेळायला हवा होता हेही विसरू नये. त्याची रीत हे वर्गात शिरायचं दार आहे. आत गेल्यावर त्याला मूळ संख्याही भेटल्या पाहिजेत, ज्यांचा त्याच्या गाडीशी काही संबंध नाही.

आणि निरुपयोगी गणितही आपल्याच मातीतलं देता येतं की! डहाणूत १९०५ साली जन्मलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करा, वजा करा, पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ला पोचता. वजाबाकीचा सराव हवा ना? पन्नास उदाहरणांच्या रकान्यापेक्षा हे द्या, मुलं मधल्या सुट्टीत करत बसतात. कापरेकरांनी काही संख्यांना ‘डेम्लो’ नाव दिलं, ते डोंबिवली स्टेशनवरून, त्या संख्या त्यांना तिथे सुचल्या म्हणून. १२१, १२३२१, १२३४३२१ ही त्यातलीच मंडळी : ११, १११, ११११ यांचे वर्ग. डोंबिवलीच्या गर्दीत रोज घुसमटणाऱ्या किती मुलांना हे माहीत आहे? माझ्या मुलांना मी सांगितलं तेव्हा पहिली प्रतिक्रिया होती, ‘बाई, फलाटावर उभं राहून सुचलं?’ तेव्हा गर्दी कमी असेल, म्हटलं.

संख्यावाचनाचा विषय थोडक्यात. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टच्या जोडीला ‘साठ तीन’ असं वाचन आलं आणि महाराष्ट्रभर हसाहशी झाली. विधिमंडळापासून व्हॉट्सअॅपपर्यंत विनोद झाले, मंगला नारळीकरांसारख्या गणितज्ञ बाईंना खुलासे करत बसावं लागलं. मला स्वतःला जुनी नावं सोडवत नाहीत. पण ‘त्र्याहत्तर’ ऐकून आधी तीन लिहिणारं आणि मग सात लिहून ३७ करणारं मूल प्रत्येक पहिली-दुसरीच्या बाईंनी पाहिलेलं आहे, घरी मराठी नसलेलं मूल तर हमखास. प्रश्न खरा होता. विनोद संपल्यावर त्यावर काही काम झालं असेल तर ते वर्गापर्यंत आलेलं नाही. नव्या पुस्तकांत ते भीत भीत का होईना, यावं.

प्रशिक्षणाबद्दल एवढंच की लिंक पाठवून, व्हिडिओ पुढे सरकवून, प्रमाणपत्र उतरवून घेऊन यातलं काही साधत नाही. निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं सांभाळून शिक्षकांना दोन दुपारी मोकळ्या द्या. त्यांनी आपल्या शाळेच्या एक किलोमीटरच्या आत हिंडून, बाजारात, गिरणीत, शिंप्याकडे, लादीवाल्याकडे बसून हिशेब कसे होतात ते टिपून आणावं आणि त्यातून आपले प्रश्न तयार करावेत.

आता नेमकं मागते ते. पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं गुणदान. राज्यस्तरावरून येणाऱ्या संकलित चाचणीच्या उत्तरसूचीत आणि शिक्षक सूचनांत स्पष्ट छापा की उत्तरापर्यंत पोचलेली कोणतीही योग्य आणि समजेल अशी लिहिलेली रीत पूर्ण गुणांना पात्र आहे. सूचीखाली ‘पर्यायी रीत ग्राह्य’ अशी मोघम ओळ नको, तिचा अर्थ प्रत्येक शाळा आपापला लावते. वजाबाकीच्या, भागाकाराच्या, अपूर्णांकांच्या उदाहरणांना मुलांच्या दोन-तीन रीती नमुना म्हणून गुणांसह छापा. ५०० − २६५ ला ‘३५ आणि २००’ हे उत्तरसूचीत छापलेलं दिसलं, की लाल शाई आपोआप थांबेल. दुसरं, पुस्तकात पाचवी ते आठवीच्या प्रत्येक वर्षी निदान एक प्रकरण असं ठेवा ज्यात आकडे मुलं आणतील, आणि त्या प्रकरणाला इतर प्रकरणांइतकेच गुण असू द्या. बिनगुणांचा ‘उपक्रम’ केला की तो पालक करून देतात. तिसरं, पाव-पाऊण-सव्वा-दीड ही भाषा अपूर्णांकांच्या पहिल्या पानापासून येऊ दे, चौकटीतली गंमत म्हणून शेवटच्या पानावर नको.

यातल्या दोन गोष्टींना पुस्तक लागेल, वेळ लागेल, समजू शकते. गुणदानाच्या सूचनेला एक कागद लागतो. तो सहामाहीच्या आधी निघाला तर माझ्या सहावीतल्या चारपाच जणांचे गुण बदलतील, आणि पालकसभेत त्यांच्या आयांना ‘हिशेब येतो, पण गणित येत नाही’ हे मला तोंड वर करून सांगावं लागणार नाही. तपासण्यासाठी मुलांच्या वह्यांतल्या रीती हव्या असतील तर माझ्याकडे गठ्ठा आहे. कुणाला पाठवायचा तेवढं कळवा.

आपली,
भांडुपची एक गणित शिक्षिका